दाम्मे गावाचा इतिहास नकाशावरून कसा वाचायचा

दाम्मे म्हणजे बेल्जियममधल्या ब्रुज शहराजवळचं छोटंसं गाव, मध्ययुगात ब्रुजचं बंदर. याचा इतिहास वाचायला घेतला की लगेच राजांची नावं पाठ करत बसू नका भो, आधी पाणी कुठून आलं आणि कसं गेलं ते बघा, बाकी सगळं त्याच्या मागे येतं.

मोबाईलवर मॅप उघडा, सॅटेलाइट लावा. ब्रुजपासून ईशान्येला एक सरळसोट कालवा निघतो, त्यावरच थोड्या अंतरावर दाम्मे. झूम केलं की गावाभोवती चांदणीसारखे खंदक दिसतात, ती सतराव्या शतकातली तटबंदी. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, तो कालवा म्हणजे जुनं बंदर नाही, तो नेपोलियनच्या काळात खणायला घेतलेला आहे. जुनी खाडी झ्विन, तिची जागा आता शेतांनी घेतलीये आणि थोडंसं तोंड नेदरलँड्सच्या सीमेवर समुद्राकाठी उरलंय. तिथून दाम्मेपर्यंत नकाशावर हाताचं बोट फिरवा, समुद्र किती लांब गेला ते तिथेच कळतं.

आता सनावळी. ११३४ च्या समुद्री वादळात झ्विनचं पात्र मोठं झालं, जहाजं आतपर्यंत येऊ लागली. ११८० मध्ये फ्लँडर्सचा (या भागाचा) सरदार काउंट फिलिपने गावाला शहराचे हक्क दिले. १२१३ मध्ये इंग्रजांनी इथेच नांगरलेल्या फ्रेंच आरमारावर हल्ला करून ढीगभर जहाजं पळवली, जाळली. खानदेशातला माल नंदुरबारवरून सुरतेला जायचा तेव्हा तापीच्या गाळामुळे मोठी जहाजं सुरतेजवळ समुद्राकाठी सुवालीलाच थांबायची, तसंच इथे, मोठी जहाजं दाम्मेला रिकामी व्हायची, फ्रान्सची वाईन वगैरे माल छोट्या होड्यांत भरून पुढे ब्रुजला. मग गाळ दाम्मेपर्यंतही आला आणि जहाजं खाली, समुद्राच्या बाजूला स्लॉइस गावाला थांबू लागली.

इमारतींचे फोटो बघताना सावध राहा. देखणा टाउन हॉल १४६४ ते ६८ मधला, १४६८ मध्ये बरगंडीचा ड्यूक (तेव्हाचा इथला राज्यकर्ता) चार्ल्स द बोल्डचं लग्नही याच गावात लागलं, त्यामुळे वाटतं की तेव्हा बंदर जोरात असेल, पण उतरती कळा आधीच लागलेली होती. त्यापेक्षा चर्च बघा, बुरूज एकीकडे, वापरातलं चर्च दुसरीकडे, मधला भाग पाडलेला. एवढं मोठं चर्च बंदराच्या पैशावर बांधलं, नंतर लहान झालेल्या गावाला ते सांभाळणं झेपलं नाही.

हे झालं की त्याच कालव्याने पुढे स्लॉइसला जा आणि तिथलंही असंच काढा, १३४० ची मोठी आरमारी लढाई तिथलीच.