पाच वॅटचा ॲम्प्लिफायर: आयआरएफ ५१० सगळ्यात शेवटी घ्या

हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या चाळीस मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) पाच वॅटचा ॲम्प्लिफायर करायचं मनात आलं की माणूस पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत जाऊन आधी आयआरएफ ५१० हा मॉसफेट, म्हणजे ॲम्प्लिफायरचा मुख्य ट्रान्झिस्टर, मागतो. मीही तेच केलं होतं. घरी येऊन जोडला, अँटेनाची तार अडकवली आणि मिनिटाभरात मॉसफेट गेला. त्यामुळे सामानाची ही यादी उलटी आहे, मॉसफेट सगळ्यात शेवटी.

पहिला डमी लोड, म्हणजे चाचणीत अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर. १ किलोओहमचे अर्ध्या वॅटचे २० कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि १० वॅट होतात. तार गुंडाळलेले (वायरवाउंड) रेझिस्टर नकोत, ते इथे कॉइलसारखे वागतात. त्याच लोडवर एक डायोड आणि कपॅसिटर बसवा. मल्टिमीटरवर २२ व्होल्टच्या जरा खाली आकडा दिसला की पाच वॅट निघतायत असं समजा.

मग फिल्टर, आणि इथे घाई नको. हार्मोनिक म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीत निघणारा नको असलेला सिग्नल. ७.१ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक १४.२ वर, तिसरा २१.३ वर, म्हणजे दोन्ही थेट दुसऱ्या हॅम बँडांत पडतात. अमेरिकेचा नियम हार्मोनिक ४३ डीबी खाली ठेवा म्हणतो. पाच वॅटला तो पाव मिलिवॅट होतो. तीन कॉइलचा लो-पास फिल्टर (वरच्या फ्रीक्वेन्सी अडवणारा) लागेल: पिवळ्या टी३७-६ टोरॉइडवर, म्हणजे कडीसारख्या गोल गाभ्यावर, २१, २४ आणि २१ वेढे, दोन टोकांना २७० पीएफचे (पिकोफॅरड) कपॅसिटर आणि मधे ६८० पीएफचे दोन. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा. बाहेरून मोजाल तर हमखास चुकेल. टोरॉइडची ऑर्डर आधीच टाकून ठेवा. कपॅसिटर एनपीओ किंवा सी०जी या कमी तापणाऱ्या सिरॅमिक प्रकारचेच घ्या. पहिल्या खेपेला मी ड्रॉवरमधले कुठलेतरी डिस्क लावले आणि ते बोटाला चटका बसेल इतके तापले.

फिल्टरच्या आधी फेराइटवर १:२ वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर हवा. १२ व्होल्टवर पाच वॅट काढायचे तर ड्रेनला (मॉसफेटच्या आउटपुटच्या पायाला) साधारण १४ ओहमचा लोड दिसावा लागतो, सरळ ५० नाही.

हीटसिंक जुन्या बाजारातही मिळून जातो. आयआरएफ ५१० चा टॅब म्हणजेच ड्रेन, म्हणून मधे अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश. आवळल्यावर टॅब आणि हीटसिंक यांच्यात मल्टिमीटर लावून बघा. बीप वाजला तर उघडा. गेटला (मॉसफेटच्या इनपुटच्या पायाला) १० ओहमचा रेझिस्टर आणि फेराइटचा मणी, नाहीतर मॉसफेट आपल्याच मनाने भलत्या फ्रीक्वेन्सीवर गायला लागतो. बोर्ड कॉपर क्लॅडचा (तांब्याचा थर असलेला), जोडण्या आखूड.

सप्लाय करंट लिमिटचा असावा. बायसचा, म्हणजे गेटच्या व्होल्टेजचा, प्रीसेट शून्यावर ठेवून सुरू करा. पाच वॅटला ०.८ ॲम्पिअरच्या आसपास करंट जाईल. दीड जायला लागला तर बटण बंद. स्कोपवर सुंदर साइन वेव्ह दिसली म्हणून हुरळू नका, ३० डीबी खालचा हार्मोनिक डोळ्याला दिसतच नाही. कुणाकडून टायनीएसए (हातात मावणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर) मागून आणा. मधे सिग्नल कमी करणारा ४० डीबीचा ॲटेन्युएटर न विसरता.

हॅमचं लायसन्स नसेल तर अँटेना लांबच ठेवा. असेल तर आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ मोकळं आहे.

आता विठोबाकडे वळा आणि आयआरएफ ५१० घ्या. एक नको, तीन घ्या.