जिना पाहायला निघण्यापूर्वी : सपाटीवरच्या नागपूरकरांसाठी

नागपूर हे सपाटीचे शहर आहे. सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीची टेकडी सोडली तर चढ आपल्या पायांना रोज भेटत नाही, आणि जिना म्हणजे लिफ्ट बंद पडली की आठवणारी वस्तू. त्यामुळे ज्या नागपूरकराला एखादा जिना पाहण्यासाठीच प्रवास करावासा वाटतो, त्याने तिकीट काढण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी : तो जिना आपल्याला चढायचा आहे, उतरायचा आहे, की खाली उभे राहून नुसता पाहायचा आहे. हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जगातील कित्येक नावाजलेल्या जिन्यांवर आज पाऊल ठेवता येत नाही, काहींचे सौंदर्य फक्त खालून दिसते, तर काहींचा सारा अर्थच दमण्यात असतो. ऋतू, दिवसाची वेळ, पादत्राणे आणि सोबत कोणाला न्यायचे, हे सारे या एका उत्तरावरून ठरते.

चढायचे जिने

या प्रकाराची तयारी घरापासून सुरू करावी लागते. निदान सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून तीन-चार दिवस पायऱ्या चढाव्यात. त्यासाठी वेगळे काही शोधण्याची गरज नाही. मेट्रोने ये-जा करणाऱ्याने सरकता जिना टाळून सीताबर्डी स्थानकाच्या साध्या पायऱ्या वापरल्या तरी पुष्कळ काम होते. मात्र बहुतेक लोक चढण्याचाच सराव करतात आणि उतरण्याचा विसरतात. चढताना दम लागतो हे खरे, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. मी हे पचमढीजवळच्या चौरागडावर शिकलो. वर जाताना मोठ्या ऐटीत गेलो, आणि परत आल्यावर तीन दिवस घरचा जिना उलट्या पावलांनी उतरलो.

सरावासाठी पहिली फेरी रामटेकची करावी. नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या या गडावर गाडी वरपर्यंत जाते, म्हणूनच बहुतेकांना अंबाळ्याच्या बाजूने चढणारी पायऱ्यांची जुनी वाट ठाऊक नसते. ती सकाळी लवकर धरावी. वैशाखात दहाच्या पुढे दगड तापतो. दुसरी फेरी चौरागडाची. विदर्भातील माणूस ‘महादेवाला जातो’ तेव्हा खांद्यावर त्रिशूळ घेऊन ज्या सुमारे १,३०० पायऱ्या चढतो, त्या याच. महाशिवरात्रीची गर्दी श्रद्धेने अनुभवायची असेल तर तेव्हा जावे, पायांची परीक्षाच घ्यायची असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमधला साधा वार निवडावा.

तेथे एक निरीक्षण अवश्य करावे. काही पायऱ्या दमवत नाहीत आणि काही दहा पावलांतच गुडघे बोलके करतात. यामागे हिशेब आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लाँदेल याने असे मांडले की पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पाऊल ठेवण्याच्या जागेची खोली यांची बेरीज माणसाच्या एका सहज पावलाएवढी असावी. आजच्या मापात ही बेरीज सुमारे ६० ते ६५ सेंटीमीटर भरते. म्हणजे १७ सेंटीमीटर उंच आणि २९ सेंटीमीटर खोल पायरी पायाला रुचते. डोंगरात खोदलेल्या पायऱ्या हा हिशेब पाळत नाहीत, शिवाय प्रत्येक पायरीचे माप निराळे असते, त्यामुळे चालीला लय सापडत नाही. अशा ठिकाणी एकूण आकड्याला भिऊ नये. घरच्या ३०० पायऱ्यांचा सराव डोंगरातल्या १०० पायऱ्यांना जेमतेम पुरतो, एवढे धरून चालावे.

परदेशातील पहिला चढ म्हणून मी श्रीलंकेचे नाव घेईन. सिगिरियाच्या कातळावर पाचव्या शतकात राजा कश्यप याने राजवाडा बांधला आणि वर जाण्याची वाट एका अतिप्रचंड सिंहाच्या पंजांमधून नेली. सिंहाचे डोके आज उरलेले नाही. पंजे आहेत, आणि त्यांच्या मधून लोखंडी जिना वर जातो. एकूण पायऱ्या सुमारे १,२०० आहेत. दरवाजे उघडताच चढायला लागावे, कारण नंतर अरुंद भागात रांग लागते आणि ऊन थेट अंगावर येते. कातळावर गांधीलमाश्यांची मोठी पोळी आहेत आणि शांतता पाळण्याच्या सूचना जागोजागी लावल्या आहेत. त्या गंभीरपणे घ्याव्यात. याच देशातील श्रीपाद शिखर २,२४३ मीटर उंच असून नेहमीच्या वाटेने ५,००० हून अधिक पायऱ्या आहेत. यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातील वैशाख पौर्णिमेपर्यंत असतो. त्या काळात रात्रभर वाटेवर दिवे आणि चहाची दुकाने असतात, आणि लोक मध्यरात्रीनंतर निघून सूर्योदयाला माथा गाठतात. माथ्यावर थंडी व वारा असतो. नागपूरच्या डिसेंबरात जेवढे कपडे घालतो तेवढे तरी जवळ हवेतच.

कुआलालंपूरजवळच्या बाटू गुंफेच्या २७२ पायऱ्या त्या मानाने खेळ आहेत आणि मुलांना घेऊन जाण्याजोग्या आहेत. शहरातून लोकल रेल्वे थेट पायथ्याशी पोहोचते. हातात खाऊची पिशवी मात्र ठेवू नये; तेथील माकडांना पिशवीची भाषा पक्की कळते.

अनवाणी चढावे लागणारे जिने वेगळे मोजावेत. श्रवणबेळगोळ्याच्या विंध्यगिरीवर कातळात कोरलेल्या ६०० हून अधिक पायऱ्या चप्पल काढूनच चढायच्या असतात, आणि दुपारी तो कातळ तव्यासारखा होतो. मोजे घालून जावे, हा साधा उपाय. गिरनारच्या सुमारे १०,००० पायऱ्यांसाठी २०२० पासून रोपवे आहे. तो अंबाजीच्या टप्प्यापर्यंत नेतो. वर रोपवेने जावे आणि उतरताना पायी यावे, असा बेत अनेक जण करतात. मांड्यांविषयी वर जे लिहिले ते वाचून तो पुन्हा तपासावा.

उतरायचे जिने

डोंगरावर माणूस माथ्याकडे चढतो, बारवेत मात्र पाण्याकडे उतरतो. ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी व घरगुती आहे की तिचे अप्रूप बाहेरच्यांनाच अधिक वाटते. न्यूयॉर्कमधील ‘व्हेसल’ ही १५४ जिन्यांची आणि सुमारे २,५०० पायऱ्यांची वास्तू उभारताना तिचा रचनाकार थॉमस हेदरविक याने भारतीय बारवांपासून प्रेरणा घेतल्याचे सांगितले आहे. तेव्हा न्यूयॉर्कचे तिकीट काढण्यापूर्वी मूळ वस्तू पाहून यावी, हे माझे मत.

रामटेकच्या परिसरातील कपूर बावडी पाहून सुरुवात करता येईल. पुढे राजस्थानातील आभानेरी. जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याने सुमारे ९५ किलोमीटरवर चांद बावडी आहे : १३ मजले, सुमारे ३० मीटर खोली आणि अंदाजे ३,५०० पायऱ्या. तीन बाजूंनी लहान जिन्यांच्या जोड्या नक्षीसारख्या उतरत जातात आणि चौथ्या बाजूला मंडप आहेत. येथे प्रवाशाची थोडी निराशा होते, कारण पायऱ्यांवर उतरण्यास आता मनाई आहे आणि सारे काठावरून पाहावे लागते. म्हणूनच वेळ नीट निवडावी. डोक्यावर ऊन असताना सगळे सपाट दिसते. सूर्य तिरपा असताना एका बाजूच्या पायऱ्या उजळतात, दुसऱ्या सावलीत जातात, आणि त्रिकोणांची ती रचना उठून दिसते.

गुजरातमधील पाटणच्या राणीच्या वावेसाठी (वाव म्हणजे बारवच) मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा. अकराव्या शतकात राणी उदयमतीने पती भीमदेव पहिला याच्या स्मरणार्थ बांधवून घेतलेली ही सात स्तरांची वाव सरस्वतीच्या पुरातील गाळाने भरून गेली होती; विसाव्या शतकात ती उपसून मोकळी केली गेली. गाळानेच तिची शिल्पे राखली, असे म्हणावे लागते. २०१४ मध्ये तिला जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि आपल्या जांभळट शंभराच्या नोटेवर जे चित्र आहे ते तिचेच. नोट सोबत ठेवावी आणि चित्रकाराने कोठे उभे राहून पाहिले असेल ते शोधावे; मुलांना हा उद्योग फार आवडतो. उतरताना पायऱ्यांकडे लक्ष ठेवून प्रत्येक टप्प्यावर थांबावे आणि मगच भिंतींकडे पाहावे. पाहत पाहत उतरणारे घसरतात.

खालून पाहायचे जिने

रंगीत जिन्यांबाबत एक नियम उपयोगी पडतो. रंग पायरीच्या उभ्या भागावर असतो, त्यामुळे तो खालून दिसतो. वर जाऊन वळून पाहिले तर केवळ दगड दिसतो. सिसिलीतील काल्ताजिरोने या गावी १४२ पायऱ्यांच्या जिन्यावर प्रत्येक पायरीला निराळ्या नक्षीच्या मातीच्या चकाकत्या फरश्या बसवल्या आहेत. जुलैच्या २४ आणि २५ तारखांच्या रात्री त्याच पायऱ्यांवर तेलाचे हजारो दिवे लावून एक मोठे चित्र उभे केले जाते. त्रिपुरी पौर्णिमेचे रामटेक पाहिलेल्या माणसाला ते दृश्य परके वाटणार नाही. रिओ द जानेरो येथील सेलारोनचा जिनाही याच जातीचा : मूळचा चिलीचा असलेल्या होर्हे सेलारोन याने १९९० पासून २०१३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत २१५ पायऱ्यांवर साठहून अधिक देशांतील फरश्या लावल्या.

युक्रेनमधील ओडेसा येथील १९२ पायऱ्यांचा जिना दृष्टिभ्रमासाठी प्रसिद्ध आहे. तो वर १२.५ मीटर आणि खाली २१.७ मीटर रुंद असल्यामुळे खालून अधिक लांब भासतो. वरून पाहिल्यास फक्त विसाव्याचे टप्पे दिसतात, तर खालून फक्त पायऱ्या. युद्ध चालू असेपर्यंत मात्र हा बेत वहीतच ठेवावा.

रोममधील स्पॅनिश स्टेप्स १७२३ ते १७२५ या काळात बांधल्या गेल्या. तेथे बसून आईस्क्रीम खाण्याचे चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते पुसून टाकावे, कारण २०१९ पासून पायऱ्यांवर बसल्यास दंड होतो. मेक्सिकोतील चिचेन इत्साच्या पिरॅमिडला चार बाजूंना प्रत्येकी ९१ आणि माथ्यावरची एक अशा ३६५ पायऱ्या आहेत. त्यावर चढणे बंद झाले आहे, पण मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास मावळतीकडे झुकलेल्या उन्हात उत्तरेकडील जिन्याच्या कठड्यावर सर्प सरपटत उतरल्याची सावली पडते, आणि ती खालूनच पाहायची असते. हवाई बेटांवरील हायकू जिन्याचे फोटो पाहून कोणी मोहात पडू नये. तेथे जाणे बेकायदेशीर आहे.

या तिन्ही खणांत न बसणारा एक प्रकार मळसूत्री जिन्यांचा. फ्रान्समधील शाँबोरच्या वाड्याचे काम १५१९ मध्ये सुरू झाले. त्याच्या मध्यभागी एकाच गाभ्याभोवती दोन जिने एकमेकांत गुंफून वर जातात, त्यामुळे चढणारा आणि उतरणारा झरोक्यांतून एकमेकांना दिसतात पण वाटेत भेटत नाहीत. येथे दोघांनीच जावे आणि दोघांनी दोन जिने धरावेत. व्हॅटिकन संग्रहालयातील ज्युसेप्पे मोमो याचा १९३२ चा जिनाही असाच दुहेरी आहे, पण तो बाहेर पडण्याच्या वाटेवर असल्याने तेथे पोहोचेपर्यंत फोनची बॅटरी आणि पायांतले बळ राखून ठेवावे लागते.

नागपूरहून यांपैकी बहुतेक देशांना मुंबई किंवा दिल्लीमार्गेच जावे लागते, त्यामुळे काल्ताजिरोनेच्या दिव्यांसारखी ठरलेली तारीख गाठायची असेल तर उलटी मोजणी करावी. इटलीसह युरोपातील बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. जुलैच्या प्रवासासाठी तो एप्रिलमध्येच द्यावा, आणि पासपोर्ट तिकडे अडकलेला असेल त्या आठवड्यांत चौरागड करून घ्यावा.