वॉरंटीतली गाडी डीलर दुरुस्त करून देत नसेल, तर काय कराल?

गाडी वॉरंटीत आहे, बिघाड डोळ्यांना दिसतोय, आणि तरी काउंटरवरून उत्तर येतं, ‘हे वॉरंटीत बसत नाही.’ अशा वेळी राग येणं साहजिक आहे. पण भांडायच्या आधी वॉरंटीचे पैसे कसे फिरतात ते समजून घ्या.

नव्या गाडीची वॉरंटी देते ती गाडी बनवणारी कंपनी. डीलर आधी काम करतो आणि मग कंपनीकडे क्लेम पाठवतो. कोणत्या कामाला किती वेळ लागावा हे कंपनीने ठरवलेलं असतं आणि सहसा तेवढ्याच वेळेची मजुरी डीलरला मिळते. कधी कधी येणारा आवाज शोधण्यात मेकॅनिकचा अर्धा दिवस गेला, तर तो वेळ भरून निघेलच असं नाही. शिवाय पुरावा अपुरा म्हणून कंपनीने क्लेम फेटाळला, तर खर्च डीलरच्या अंगावर पडतो. म्हणून समोरचा माणूस कचरतो. तुमचा क्लेम त्याला बिनधोक पाठवता येईल असा करून द्या, म्हणजे अर्धं काम झालं.

१. आधी वॉरंटी पुस्तिका उघडा

एका गाडीवर सहसा एकच वॉरंटी नसते. संपूर्ण गाडीची एक, इंजिन-गिअरबॉक्सची बऱ्याचदा वेगळी आणि जास्त मुदतीची, टायर आणि बॅटरीची अनेकदा त्या-त्या उत्पादकाची. वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथे मुदत संपते, आणि ती मोजली जाते गाडीच्या पहिल्या मालकाला ताबा मिळाला त्या दिवसापासून. ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट असे झिजणारे भाग सहसा वगळलेले असतात. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचा कागद वेगळा वाचा. ती कधी कंपनीची असते, कधी दुसऱ्याच संस्थेची, आणि दुसऱ्या संस्थेची असेल तर काम सुरू करण्याआधी तिची परवानगी लागू शकते.

याच वेळी १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल तपासा, म्हणजे एखादा दोष सुधारण्यासाठी कंपनीने स्वतःच परत बोलावलेल्या गाड्यांत तुमची आहे का ते पाहा. तुमचा बिघाड त्यात निघाला, तर वॉरंटीचा वाद घालण्याचं कारणच उरत नाही.

२. बिघाडाची वही ठेवा

‘गाडी नीट चालत नाही’ या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही. ‘सकाळी गार इंजिनवर, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की पुढच्या उजव्या चाकाजवळ ठक असा आवाज येतो, दहा मिनिटांनी जातो’, यावर करू शकतं. तारीख, किलोमीटर, वेग, गिअर, एसी चालू होता की बंद, हे टिपा. आवाज फोनवर रेकॉर्ड करा. गाडी चालवताना मात्र ते काम सोबतच्या माणसाकडे द्या.

३. जॉब कार्डवर तुमचेच शब्द लिहून घ्या

गाडी वर्कशॉपमध्ये देताना तक्रार आणि करायची कामं लिहून तुमची सही घेतात, तो कागद म्हणजे जॉब कार्ड. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. मी ती चुकवली होती. असाच एक आवाज घेऊन मी वॉरंटीच्या मुदतीत तीनदा वर्कशॉपमध्ये गेलो. तिन्ही वेळा सर्व्हिस ॲडव्हायझर हसतमुखाने बोलला, गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि ‘आता आवाज येत नाही’ म्हणून परत दिली. मुदत संपल्यावर चौथ्यांदा गेलो आणि जुनी जॉब कार्डं काढली, तर तिन्हींवर लिहिलं होतं ‘जनरल चेकअप’. आवाजाचा उल्लेख कुठेच नाही. म्हणजे कागदोपत्री मी ती तक्रार कधी केलीच नव्हती, आणि दुरुस्तीचे पैसे मला भरावे लागले.

म्हणून सही करण्याआधी जॉब कार्ड वाचा. तक्रार तुमच्या शब्दांत, आजचं किलोमीटर, आजची तारीख. ‘बिघाड आढळला नाही’ म्हणून गाडी परत देत असतील, तर तेही लिहून प्रत मागा. मुदतीत नोंदवलेली आणि न सुटलेली तक्रार पुढे मुदत संपल्यावरही तुमच्या बाजूने उभी राहते. आणखी एक: बिघाड वॉरंटीत नाही असं ठरलं, तर तपासणीचे किती पैसे लागतील हे आधीच विचारा आणि विचारल्याशिवाय कुठलंही पैसे लागणारं काम करायचं नाही, असं कार्डवर लिहून घ्या.

आवाज किंवा थरथर असेल, तर मेकॅनिकला शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्ह मागा. गार इंजिनवरच येणारा बिघाड असेल, तर गाडी रात्रभर तिथे ठेवा.

४. स्कॅनरचा कोड पुसण्याआधी मिळवा

चेक इंजिनचा दिवा लागला की गाडीचा कॉम्प्युटर एक कोड साठवतो. उदाहरणार्थ, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही. बऱ्याचदा त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे, कूलंटचं तापमानही साठवलेलं असतं. क्लेमसाठी याहून चांगला पुरावा नाही. पण स्कॅनरने कोड ‘क्लिअर’ केले की तो जातो, आणि बॅटरीची तार काढली तरी जाऊ शकतो. म्हणून ओळखीच्या मेकॅनिककडून दिवा घालवून मग डीलरकडे जाऊ नका. डीलरने स्कॅनर लावला की त्याच्या रिपोर्टची प्रिंट किंवा फोटो घ्या.

५. नकार आला, तर कारण लेखी मागा

‘सगळ्या गाड्या अशाच चालतात’ असं म्हणत असतील, तर त्यांच्याकडची त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून दाखवायला सांगा. दोन गाड्या पाठोपाठ चालवल्या की फरक लपत नाही.

‘सर्व्हिस बाहेर केली’, ‘बाहेरची ॲक्सेसरी बसवली’, ‘इंधन खराब होतं’, ही नेहमीची कारणं. त्यावर शांतपणे एवढंच विचारा: पुस्तिकेतल्या कोणत्या अटीनुसार, आणि त्या गोष्टीमुळेच हा भाग बिघडला हे कशावरून? बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिममुळे वायरिंग जळू शकतं, पण शॉकॲबसॉर्बर गळत नाही. ऑइल बदलल्याची बिलं तारीख आणि किलोमीटरसह जवळ असतील, तर सर्व्हिसचा मुद्दा बराचसा निकालात निघतो. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्या, मात्र त्याला भाग उघडू देऊ नका. उघडलेल्या भागावर नवा वाद सुरू होतो.

६. पायरीपायरीने वर जा

ॲडव्हायझरच्या हातात फारसं नसतं. सर्व्हिस मॅनेजरला भेटा, मग कंपनीच्या ग्राहक विभागात ईमेलने तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या आणि कंपनीच्या तांत्रिक प्रतिनिधीने गाडी पाहावी अशी मागणी करा. दरम्यान दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी दाखवा. कंपनीची वॉरंटी सहसा कोणत्याही अधिकृत ठिकाणी चालते, आणि एकाने नाकारलेलं काम दुसऱ्याने केल्याचं अनेकांनी अनुभवलं आहे. मुदत नुकतीच संपली असेल, तर ‘गुडविल’ म्हणून पूर्ण किंवा काही खर्च उचलण्याची विनंती करा. नियमित सर्व्हिस झालेल्या गाडीसाठी कंपन्या तो कधी कधी उचलतात. एवढं करूनही दाद मिळाली नाही, तर लेखी नोटीस द्या आणि ग्राहक तक्रारीचा कायदेशीर मार्ग धरा. तिथे तुमची जॉब कार्डं आणि ईमेल बोलतील.

काम झालं, की गाडी घेऊन लगेच निघू नका. ज्या परिस्थितीत बिघाड यायचा त्याच परिस्थितीत चालवून पाहा. बिलावर बदललेल्या भागाचं नाव, नंबर आणि ‘वॉरंटीत’ अशी नोंद हवी, रक्कम शून्य असली तरी. जुना भाग कंपनीला तपासणीसाठी लागतो म्हणून तो सहसा मिळणार नाही, पण त्याचा फोटो काढून ठेवता येतो. नव्या भागाची वॉरंटी किती, हेही त्याच वेळी विचारून बिलावर लिहून घ्या.