नको असलेलं गिफ्ट कार्ड विकताना, दुसऱ्याचं विकत घेताना

दिवाळी आली की बडोद्यात मकरपुरा आणि नंदेसरीच्या कारखान्यांतून हल्ली मिठाईच्या डब्यांबरोबर, कधी त्यांच्याऐवजी, गिफ्ट कार्डं घरी येतात. लाभपाचमीला कामं पुन्हा सुरू झाली की मी जिथे हिशेब लिहिते त्या रावपुऱ्यातल्या ऑफिसात आणि दांडिया बाजारच्या आमच्या वाड्यातही एकच विचारणा सुरू होते: "ताई, हे कार्ड विकता येईल का?" कोणाला अशा कपड्यांच्या दुकानाचं मिळालेलं असतं जिथे त्यांच्या मापाचं काही नसतं. कोणाला दागिन्यांचं दोन हजारांचं, आणि दोन हजारांत तिथे नाकातली चमकीसुद्धा येत नाही. विकता येतं. मात्र एक गोष्ट सगळ्यांत आधी मनावर घ्या: कार्डाची सगळी किंमत त्याच्या नंबरात आणि पिनमध्ये असते. ज्याने हे दोन्ही पाहिले, त्याच्या हातात पैसे गेले, आणि ते परत मागता येत नाहीत. म्हणून नंबर कोणाला, कधी आणि कशाच्या बदल्यात दाखवायचा, एवढंच या व्यवहारात नीट शिकायचं आहे.

विकण्याआधी मी प्रत्येकाला कागद-पेन घ्यायला लावते. समजा ५,००० रुपयांचं कार्ड तुम्ही लोकांची नको असलेली कार्डं विकून देणाऱ्या एखाद्या साइटवर ८ टक्के कमी करून विकायला लावलं, तर किंमत झाली ४,६००. साइटने त्यातून ३ टक्के कापले तर १३८ रुपये गेले, हातात ४,४६२. म्हणजे ५३८ रुपये फक्त रोकड व्हावी म्हणून सोडले. तेच कार्ड किराणा, तेलाचा डबा किंवा मुलांचे शाळेचे बूट यांवर खर्च झालं तर पाच हजारांचे पाच हजार वसूल होतात. आपल्याला दुकान नको असेल, पण घरात, शेजारी कोणाला तरी तिथलं काहीतरी घ्यायचंच असतं. आमच्या वाड्यात एका वहिनींना मिक्सर घ्यायचा होता आणि कार्ड होतं खालच्या काकांकडे. काकांनी आपल्या खात्यातून मिक्सर मागवला, पत्ता वहिनींचा दिला, बिल त्यांच्या हवाली केलं आणि पूर्ण पैसे घेतले. कोणाचंच नुकसान झालं नाही. पहिला प्रयत्न हाच करा. वॉरंटीसाठी बिल मात्र वस्तू वापरणाऱ्याकडेच राहू द्या.

हा मार्ग मला आणखी एका कारणाने पसंत आहे. अनेक कार्डांच्या अटींमध्ये ते दुसऱ्याला विकायला मनाई असते. ॲमेझॉन पेच्या गिफ्ट कार्डाच्या अटींत तसं लिहिलेलं आहे. लोक सर्रास विकतात हे खरं, पण उद्या कोड अडकला तर कंपनी त्याच अटीकडे बोट दाखवेल. कार्डाच्या मागचा किंवा ईमेलच्या तळाचा बारीक मजकूर मोठा करून वाचा. ज्यात मनाई आहे ते विकू नका, त्यावर वस्तू मागवून घ्या.

आता आपल्या हातात नेमकं कोणतं कार्ड आहे ते ओळखा. एकाच दुकानाचं किंवा साइटचं, नंबर आणि पिन असलेलं कार्ड असेल, तर त्याला गिऱ्हाईक मिळतं. बँकेने दिलेलं, व्हिसा किंवा रुपेचं चिन्ह असलेलं गिफ्ट कार्ड विकायच्या भानगडीत पडू नका, कारण ते तसंही कित्येक दुकानांत चालतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा गिफ्ट कार्डात जास्तीत जास्त १०,००० रुपये असतात, त्यात पुन्हा भरणा करता येत नाही आणि एटीएममधून रोख काढता येत नाही. त्यावर भाजी-किराणा घ्या, औषधं घ्या, संपवून टाका. आणि जो कोड तुम्ही आपल्या ॲपमध्ये आधीच जमा केला आहे, तो विकण्याचा प्रश्नच उरत नाही. ती शिल्लक त्या खात्याला चिकटली. म्हणूनच कार्ड मिळाल्या मिळाल्या उत्साहाने "ॲड" दाबू नका, दोन दिवस विचार करा.

बऱ्याच बडोदेकरांचं कोणी ना कोणी अमेरिकेत असतं आणि तिथून डॉलरचं कार्ड येतं, म्हणून त्याबद्दलही सांगते. ॲमेझॉनच्या अमेरिकी साइटचं कार्ड इथल्या ॲमेझॉनवर चालत नाही. ते ज्याने पाठवलं त्यालाच परत द्या आणि तिथेच वापरायला सांगा. घाईही नाही. २००९ च्या तिथल्या कायद्यामुळे कार्डातली रक्कम किमान पाच वर्षं तरी बुडत नाही, आणि नको असलेली कार्डं घेण्या-विकण्यासाठी कार्डकॅशसारख्या साइट तिथे बऱ्याच वर्षांपासून आहेत.

आपल्याकडे घाई असते ती मुदतीमुळे. रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतल्या प्रीपेड कार्डांना किमान एक वर्षाची मुदत द्यावीच लागते आणि ती संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कार्ड देणाऱ्याने ग्राहकाला सावध करायचं असतं. पण कंपनीने घाऊक घेतलेल्या कार्डांवर पुष्कळदा एचआरचा ईमेल असतो. सूचना तिकडे जाते आणि आपल्या कपाटात कार्ड मरतं. बँकेचं गिफ्ट कार्ड असं मुदत संपून पडलं असेल तर फेकू नका. मागणी केली तर त्याची मुदत नव्याने वाढवून द्यावी, असा नियम आहे. बँकेकडे लेखी अर्ज करा. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्या मालासाठी काढलेलं कार्ड मात्र या नियमांत येत नाही, तिथे दुकानाच्या अटी चालतात. माझ्या ओळखीच्या घरांत मी कॅलेंडरवरच कार्डाचं नाव आणि शेवटची तारीख लिहायला लावते, एकादशी-चतुर्थीच्या रकान्यात.

विकायचं ठरलंच, तर आधी शिल्लक तपासा. गूगलवर "गिफ्ट कार्ड बॅलन्स" असं शोधून समोर येईल त्या पानावर नंबर टाकू नका. हुबेहूब दिसणारी खोटी पानं याचसाठी बनवलेली असतात. आपण नंबर आणि पिन भरतो, पान "थोड्या वेळाने प्रयत्न करा" म्हणतं आणि तेवढ्यात पैसे गेलेले असतात. कार्डावर छापलेला पत्ता स्वतः टाइप करा किंवा त्या दुकानाचं अधिकृत ॲप उघडा. शिल्लक, मुदत आणि त्या दिवसाची तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. प्लास्टिकचं कार्ड असेल तर पिनवरची पट्टी गरज पडेपर्यंत खरवडू नका.

मग साइट पारखा. सवलत किती, ॲप किती छान, हे नंतर. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार साइटवर कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क दिलेला असायलाच हवा. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. ज्या साइटवर नुसता व्हॉट्सॲप नंबर आहे, तिथून परत फिरा. यानंतर तीन गोष्टी शोधा: साइट किती टक्के कापते, पैसे किती दिवसांत बँकेत जमा करते, आणि घेणाऱ्याने "कोड चालला नाही" म्हटलं तर निवाडा कसा होतो. हे तिसरं कुठेच लिहिलेलं नसेल, तर ती साइट मी वापरणार नाही.

नोंदणीला पॅन आणि बँक खातं मागतात, ते ठीक. ओटीपी आणि यूपीआय पिन कोणीही मागायचं कारण नाही. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. हे आमच्या आत्याबाईंनाही मी पाठ करून घेतलं आहे. कार्डाची माहिती साइटच्या ठरलेल्या रकान्यातच भरा. एकदा लावलं की त्या कार्डाला हात लावू नका. घेणाऱ्याला कमी शिल्लक दिसली तर तुमचे सगळेच पैसे अडकतील.

भाव दिवाळीनंतर उतरलेले दिसतात, कारण एकाच वेळी सगळे विकायला निघतात. मुदत लांब असेल तर संक्रांतीनंतर लग्नाची खरेदी सुरू होईपर्यंत थांबा. मुदत दोन-तीन महिन्यांवर आली असेल तर जास्त ताणू नका, जवळच्या मुदतीचं कार्ड घ्यायला लोक कचरतात.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामचे "कार्ड एक्स्चेंज" ग्रुप पूर्ण टाळा. तिथे आधी कोण, तू कोड देतोस की मी पैसे, हा प्रश्न कधी सुटतच नाही, आणि शेवटी भरवसा ठेवणारा बुडतो. "खात्रीसाठी कार्डाचा फोटो पाठवा" म्हणणाऱ्याला फोटो पाठवणं म्हणजे कार्डच देऊन टाकणं. ओळखीच्या माणसाशी व्यवहार असेल तर समोरासमोर बसा. पैसे आपल्या खात्यात जमा झाल्याचं बँकेच्या ॲपमध्ये बघा, नुसत्या एसएमएसवर विसंबू नका, आणि मग कोड द्या.

आता घेणाऱ्यांसाठी. इनऑर्बिट मॉलमध्ये खरेदीला जायचंच आहे आणि त्या दुकानाचं कार्ड ६ टक्के स्वस्त मिळतंय, तर २,००० च्या कार्डावर १२० रुपये वाचले. दुकानाची सवलत त्याशिवाय. खरेदी ठरलेली असेल तरच हा फायदा आहे. जुनं कार्ड घेण्याआधी वूहू, गिफ्टर अशा अधिकृत विक्रेत्यांकडे आणि आपल्या बँकेच्या रिवॉर्ड पानावर नवं कार्ड काय भावाने मिळतं ते बघा. पुष्कळदा तीच सूट नव्या कार्डावर मिळते, मग दुसऱ्याच्या कार्डाची जोखीम कशाला? आणि निम्म्या किमतीतलं कार्ड दिसलं तर घेऊ नका. चोरीच्या क्रेडिट कार्डांवर गिफ्ट कार्डं घेऊन ती अशी स्वस्तात विकून टाकली जातात. मूळ मालकाने तक्रार केली की कोड बंद होतो, कधी तो टाकणाऱ्याचं खातंही गोठतं.

पहिल्या वेळी लहान रकमेचं घ्या. कोड उघडताना फोनची स्क्रीन रेकॉर्ड करा आणि तो लगेच आपल्या खात्यात टाका. प्लास्टिकचं कार्ड असेल तर लवकरात लवकर खर्च करा आणि संपल्यावरही जपून ठेवा. वस्तू परत केली तर पैसे सहसा कार्डावरच परत येतात, बँकेत नाही. लोक रिकामं कार्ड कचऱ्यात टाकतात आणि साडी बदलायला गेल्यावर काउंटरवर अडकून बसतात.

वीजबिल थकलंय, पार्सल अडकलंय, तुमच्यावर गुन्हा दाखल होतोय, असं सांगून कोणी गिफ्ट कार्ड घ्यायला आणि नंबर वाचून दाखवायला सांगितलं, तर फोन ठेवा. वीज कंपनी, बँक, पोलीस, कोणीही गिफ्ट कार्डात पैसे घेत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आजच सांगा. फोनवरचा माणूस त्यांना विचार करायला वेळच देत नाही.

तरी फसवणूक झाली तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा, शिवाय कार्ड देणाऱ्या कंपनीला कोड बंद करायला सांगा. शिल्लक अजून खर्च झाली नसेल तर ती वाचू शकते. साइटने पैसे अडवले तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार बँकेच्या किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीच्या कार्डाबद्दल असेल आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. तिथे लागतील ते कागद: शिल्लकेचा स्क्रीनशॉट, साइटवरचा व्यवहार क्रमांक, बँकेची नोंद आणि आधीच्या तक्रारीची पोच.