डीबी (घरात वीज वाटणारा मुख्य बोर्ड) बदलायच्या आधी करंट खरंच बंद झालाय का, ते कसं बघायचं

2019 च्या महापुरात सांगलीत ज्यांचे बोर्ड पाण्याखाली गेले त्यातल्या काहींनी तेच एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) वाळवून परत वापरायला घेतले. पाण्यात बुडालेला एमसीबी किंवा आरसीसीबी (करंट कुठं गळला की सप्लाय तोडणारा स्विच) वाळला म्हणून भरवशाचा होत नाही, आतला गाळ आणि गंज बाहेरून दिसत नाही, तो टाकूनच द्यायचा. वरच्या गल्लीतल्या जुन्या घरांत अजून किटकॅट फ्यूजचे (चिनी मातीचे, ओढून काढायचे) लाकडी बोर्ड आहेत, ते पण कधीतरी बदलायचेच आहेत. तर बोर्ड बदलायचं काम परवानाधारक वायरमनचं, त्यात हात घालू नका. पण काम सुरू व्हायच्या आधी घर पूर्ण बंद झालंय का हे घरमालकाला कळायलाच पाहिजे, कारण घरात करंट कुठनं कुठनं येतो हे वायरमनपेक्षा तुम्हाला जास्त माहिती असतं.

आधी लाईन डोळ्यानं बघा. पोलवरनं सर्व्हिस वायर मीटरला, मीटरमधनं मेन स्विचला, तिथनं डीबीला. डीबीतला मेन आयसोलेटर (पूर्ण बोर्ड तोडणारा स्विच) पाडला की घर बंद होतं खरं, पण त्या आयसोलेटरला वरनं येणारी वायर चालूच असते, आणि डीबी काढायचा म्हणजे नेमकी तीच वायर सोडवायची असते. म्हणून बंद करायचं ते मीटरजवळच्या मेन स्विचला. स्विच पाडा, आत किटकॅट असतील तर काढून खिशात ठेवा, हँडलला कुलूप लावा आणि किल्ली जो काम करतोय त्याच्याकडं द्या. कुलूप नको वाटतंय ना, पण दुपारी फॅन बंद दिसला म्हणून आजोबा उठून मेन चालू करून आले असं कुठल्याही घरात होऊ शकतं.

मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूचे टर्मिनल जिवंतच असतात. मेन स्विचच बदलायचा असेल, किंवा मीटर आणि डीबीच्या मध्ये स्विचच नसेल, तर महावितरणकडं रीतसर अर्ज करून त्यांच्या माणसाकडनं सप्लाय तोडून घ्या, 1912 वर पण चौकशी करता येते. मीटरचं सील तोडायचं नाही, तो 2003 च्या वीज कायद्यात गुन्हा आहे. ओळखीतला कोणतरी पोलवर चढून फ्यूज काढतो म्हणाला तरी त्याला चढू देऊ नका. आणि लाईट गेलीय तोवर पटकन उरकू हा विचार तर मनातही आणू नका, ती कधी येईल ते सांगून येत नाही.

आता सगळ्यात जास्त घात करणारा प्रकार म्हणजे इन्व्हर्टर. तुम्ही मेन पाडला की त्याला वाटतं लाईट गेली, आणि तो आपोआप सुरू होऊन डीबीतल्या काही वायरींवर 230 व्होल्ट सोडतो. नुसतं पुढचं बटण बंद करून भागत नाही. इनपुटचा प्लग काढा, आउटपुटची वायर वेगळी करा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा, पान्ह्याला टेप गुंडाळून, कारण बॅटरी 12 व्होल्टची असली तरी दोन टर्मिनलमध्ये पान्हा आडवा पडला की जाळ निघतो. गच्चीवर सोलर असेल तर आधी एसी साइडचा आयसोलेटर आणि मग डीसीचा, या क्रमानं पाडा. साधा ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाईट गेली की थांबतो, पण ऊन आहे तोवर पॅनलकडनं येणाऱ्या डीसी वायरी जिवंत असतात.

एक गोष्ट आपल्याकडंच जास्त दिसते. दोन भाऊ, दोन मीटर, आणि जिन्यातला दिवा वरच्या मीटरवर. वाटणी झाली पण वायरिंगची झाली नाही, खालचा मेन पाडला तरी वरच्या मीटरचा फेज किंवा न्यूट्रल खालच्या बोर्डात आलेला असतो. शंका असेल तर दोन्ही मेन पाडा, वहिनी तासभर मिक्सरशिवाय राहतील.

मग तपासणी. निऑन टेस्टर पेटला नाही किंवा दिवे-पंखे बंद दिसले म्हणजे करंट नाही असं धरू नका. जुन्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज असायचा, तो उडाला की घरातलं सगळं बंद दिसतं आणि फेज मात्र तसाच जिवंत. चांगला मल्टीमीटर घ्या, एसी व्होल्टवर ठेवून आधी चालू असलेल्या ठिकाणी, म्हणजे शेजारच्या घरातल्या सॉकेटवर, 230 च्या आसपास दाखवतोय ना बघा. मग आपल्या डीबीच्या येणाऱ्या वायरींवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा, तिन्ही शून्य पाहिजेत, आणि थ्री फेज असेल तर प्रत्येक फेज आणि प्रत्येक दोन फेजमध्ये पण. शेवटी परत शेजारी जाऊन मल्टीमीटर अजून चालतोय का बघा, मधेच त्याचा सेल संपला असेल तर सगळी शून्यं खोटी. कधी सुट्या वायरीवर 20-30 व्होल्ट दिसतात, ते बहुतेक वेळा शेजारच्या वायरीतनं आलेलं खोटं व्होल्टेज असतं, पण बहुतेक वेळा या शब्दावर हात लावायचा नसतो. वायरमननं टेस्ट लॅम्प लावून खात्री करून घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही.

वायरींच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ हे कागदावर. जुन्या घरात ज्या दिवशी जो बंडल मिळाला तो ओढलेला असतो, त्यामुळं जुना डीबी उघडला की फोटो काढा आणि सोडवायच्या आधी प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहा.

चालू करताना नव्या डीबीतले सगळे एमसीबी पाडलेले ठेवा, न्यूट्रल बारचा प्रत्येक स्क्रू परत आवळा. थ्री फेजच्या घरात मेन न्यूट्रल ढिला राहिला तर टीव्ही-फ्रिजवर 230 ऐवजी पार 400 पर्यंत व्होल्टेज जाऊ शकतं, आणि ते जळल्यावरच कळतं. मेन चालू करून आधी फक्त आयसोलेटरवर मोजा, आकडा बरोबर असला तरच एकेक एमसीबी वर करा, इन्व्हर्टर सगळ्यात शेवटी जोडा. आरसीसीबी 30 मिलीअँपिअरचा घ्या आणि वायरमन गेटबाहेर पडायच्या आधी त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतोय का बघा. पडला नाही तर बिल द्यायचं नाही.