एसएएनएफएलचा मोसम: गुणतालिका स्वतः कशी मांडावी

साउथ ऑस्ट्रेलियाची राज्य पातळीवरची फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) लीग म्हणजे एसएएनएफएल. संघ १०, प्रत्येकाचे साखळी सामने १८, आणि सप्टेंबरमध्ये ग्रँड फायनल ॲडलेड ओव्हलवर, म्हणजे २०२० साली भारत ३६ धावांत आटोपला त्याच मैदानावर. एएफएल, म्हणजे याच खेळाची राष्ट्रीय लीग, बघून इकडे वळणाऱ्यांचा घोळ होतो तो गुणतालिकेत. दर आठवड्याला आपली आपण तालिका मांडली की तो राहत नाही. एक वही किंवा एक्सेलची फाइल पुरते.

आधी स्कोअर वाचायला शिका. मधल्या दोन उंच खांबांतून पायाने मारलेला चेंडू गेला की गोल, ६ गुण; उंच आणि बाजूच्या ठेंगण्या खांबामधून गेला, उंच खांबाला लागला किंवा कुणाचा हात लागून गेला, तर बिहाइंड, १ गुण. १२.८ (८०) म्हणजे १२ गोल, ८ बिहाइंड, एकूण ८०. हा दशांश नव्हे. ११.८ आणि ९.२० दोन्ही ७४च, म्हणजे सामना बरोबरीत. क्वार्टरनिहाय आकडे चढत्या बेरजेचे असतात: ३.२, ६.५, ९.७, १२.८. त्यांची पुन्हा बेरीज केलीत तर ३० गोलांचा सामना वहीत उतरेल.

प्रत्येक संघापुढे रकाने करा: सामने, विजय, पराभव, बरोबरी, केलेले गुण, दिलेले गुण, तालिकेचे गुण, टक्केवारी. विजयाला इथे २ गुण आणि बरोबरीला १. एएफएलचे ४ आणि २ इथे लावू नका.

सारख्या गुणांच्या संघांचा क्रम टक्केवारीने लागतो, आणि तिच्यातही तीच गफलत होते. एएफएलमध्ये केलेल्या गुणांना दिलेल्या गुणांनी भागतात. एसएएनएफएलमध्ये केलेल्या गुणांना दोन्हींच्या बेरजेने भागून १००ने गुणतात. १५०० केले आणि १२०० दिले, तर एएफएलच्या रीतीने १२५.००, इथे ५५.५६. म्हणून या तालिकेत ५० हा काठ आहे: त्याच्या वर असलेला संघ देतो त्यापेक्षा जास्त कमावतो. दर सामन्याची टक्केवारी काढून सरासरी काढायचा मोह आवरा. भागाकार नेहमी मोसमाच्या एकूण बेरजेवर. तुमचा आकडा छापील तालिकेशी जुळला नाही, तर दहातल्या नऊ वेळा एखाद्या सामन्याचे केलेले-दिलेले गुण उलटे चढलेले असतात. पडताळा सोपा: सगळ्या संघांच्या केलेल्या गुणांची बेरीज दिलेल्या गुणांच्या बेरजेइतकीच आली पाहिजे.

सुरुवातीच्या टक्केवारीवर फार विसंबू नका. दोन सामन्यांनंतर १६०-१६० वर असलेला संघ ११०-५० असा जिंकला की ५० वरून थेट ५६.२५ वर जातो. पंधरा सामन्यांनंतर १२००-१२०० वर असताना तोच विजय त्याला जेमतेम ५१.१७ पर्यंत नेतो. शेवटच्या फेरीत पाचव्या जागेसाठी ‘मोठ्या फरकाने जिंकलं की झालं’ असं कुणी म्हणालं तर आधी हा हिशेब मांडून बघा. बहुतेकदा लागणारा फरक अशक्य निघतो.

आणखी एक रकाना घाला, तो तालिकेत छापत नाहीत: गोल अधिक बिहाइंड, म्हणजे एकूण प्रयत्न. ९.२० करणाऱ्या संघाने २९ वेळा नेम धरला, ११.८ वाल्याने १९ वेळा. पहिल्याचा खेळ चांगला, नेम वाईट. आणि नेम खेळापेक्षा लवकर सुधारतो.

ॲडलेड आणि पोर्ट ॲडलेड या दोघांच्या नावापुढे मात्र खूण करा. हे एएफएल क्लबांचे दुय्यम संघ. एएफएल संघात दुखापती वाढल्या की इथले चांगले खेळाडू वर उचलले जातात आणि संघ एका आठवड्यात ओळखू येत नाही. त्यांच्या मागच्या निकालांपेक्षा त्या आठवड्याची संघयादी बघणं शहाणपणाचं. नॉरवूड, स्टर्ट, ग्लेनेल्ग या बाकीच्या क्लबांच्या बाबतीत मागचे पाच-सहा सामने बरंच काही सांगतात.

साखळी संपली की पहिले पाच फायनल्समध्ये. पहिल्या आठवड्यात दुसरा विरुद्ध तिसरा आणि चौथा विरुद्ध पाचवा; पहिल्याला सुट्टी. चौथा-पाचव्यात हरणारा घरी जातो. दुसऱ्या आठवड्यात पहिला संघ दुसरा-तिसऱ्यातल्या विजेत्याशी भिडतो आणि जिंकणारा थेट ग्रँड फायनलला जातो. दुसरा-तिसऱ्यात हरलेला चौथा-पाचव्यातल्या विजेत्याशी खेळतो. इथे हरला की मोसम संपला. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या लढतीत हरलेला आणि दुसऱ्या लढतीत जिंकलेला यांची प्रिलिमिनरी फायनल, तिचा विजेता ग्रँड फायनलची उरलेली जागा घेतो. म्हणजे पहिल्या तिघांना एक हार पचते, चौथ्या-पाचव्याला एकही नाही. तिसरी आणि चौथी जागा टक्केवारीच्या दशांशावर ठरत असेल, तेव्हा वरचा सगळा हिशेब कामाला येतो.

फायनल्सचे गुण साखळीच्या बेरजेत मिसळू नका. त्यांना वहीत वेगळं पान द्या.