बाटलीवर ‘पेटंटेड’ लिहिलंय? आधी पेटंट वाचा, मग पैसे द्या

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या तासगाव भागात ज्याच्या-त्याच्या हाताला डिपिंगच्या, म्हणजे बेदाण्याची द्राक्षं वाळवण्याआधी बुडवायच्या पाण्याचा बुळबुळीतपणा असतो. अशा घाईत गेल्या हंगामात धाकटे भावजी एक निळी बाटली घेऊन दुकानात आले. "वहिनी, हे बघा. पेटंटेड ऑइल हाय. चार दिवस आधी बेदाणा वाळतोय म्हणं." किंमत आमच्या नेहमीच्या डिपिंग ऑइलच्या अडीचपट.

मी कृषी सेवा केंद्र चालवते. ‘पेटंटेड टेक्नॉलॉजी’ हे शब्द आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतात. जीवाणू खत, आवळा कँडीचं मशिन, फळावरचं कोटिंग, प्रोटीन पावडर, सगळ्यांवर तो शिक्का. गिऱ्हाईक समजतं की सरकारनं तपासून दिलेलं आहे. तसं काही नसतं. पेटंट देणारं कार्यालय बघतं ते एवढंच: ही गोष्ट नवी आहे का, जाणकाराला सहज सुचण्यापलीकडची आहे का, उद्योगात वापरता येईल का. तुमच्या शेडवर ती पैसे वसूल करेल का, हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही. पेटंट म्हणजे २० वर्षं दुसऱ्याला ती गोष्ट करण्यापासून अडवायचा हक्क. ही वर्षं मोजायची अर्ज केल्याच्या तारखेपासून. या हक्काच्या बदल्यात त्या माणसाला आपली कृती जगासमोर उघडी करावी लागते, आणि ती फुकट वाचता येते. मला पेटंटमध्ये रस आहे तो याच कारणानं.

तर त्या दिवशी भावजींना चहा सांगितला आणि बाटली उलटी केली. तळाशी बारीक अक्षरात बारा अंकी नंबर. बारा अंक दिसले की समजायचं, हा अर्जाचा नंबर आहे. मंजूर झालेल्या भारतीय पेटंटचा नंबर हल्ली सहा अंकी असतो. बारा अंक असे वाचायचे: पहिले चार म्हणजे अर्जाचं वर्ष. पाचवा अंक कार्यालयाचा: १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. सहावा अर्जाच्या प्रकाराचा: १ असेल तर साधा देशी अर्ज, ७ असेल तर आंतरराष्ट्रीय अर्जातून भारतात आलेला. उरलेले सहा अनुक्रमांक. म्हणजे २०२१२१ नं सुरू होणारा नंबर असेल तर २०२१ साली मुंबईत भरलेला साधा अर्ज. परदेशी नंबर असेल तर शेवटची अक्षरं बघा. अमेरिकेच्या नंबरामागं ए१ असेल तर तो नुसता छापलेला अर्ज, बी१ किंवा बी२ असेल तर मंजूर पेटंट.

आता मोबाइलवर भारतीय पेटंट कार्यालयाचं ‘इनपास’ हे शोधाचं पान उघडा. वर ‘पब्लिश्ड’ आणि ‘ग्रँटेड’ असे दोन चौकोन आहेत, दोन्हींवर खूण करा. खालच्या रकान्यात ‘ॲप्लिकेशन नंबर’ निवडा, इंग्रजी अंकांत नंबर टाका, वेडीवाकडी अक्षरं भरा. ती माझी एका फटक्यात कधीच बरोबर येत नाहीत, तुमचीही येणार नाहीत, चिडू नका. यादीत नाव आलं की ‘ॲप्लिकेशन स्टेटस’ दाबा. काहीच आलं नाही तर दोन शक्यता: नंबर खोटा, किंवा अर्ज अजून नवा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, मालकानं मागणी केली तर त्याआधीही.

स्टेटसच्या ओळीत खरी गंमत असते. भावजींच्या बाटलीची ओळ सांगत होती की तपासणीची विनंतीच वेळेत भरली नाही, म्हणून अर्ज मागे घेतल्याचं गृहीत धरलं आहे. आपल्याकडं अर्ज भरला की तपासणी आपोआप होत नाही, ती वेगळी मागावी लागते, वेगळी फी भरून. कलम २१(१) खाली ‘अबँडन्ड’ दिसलं तर तपासणीत काढलेल्या त्रुटींना वेळेत उत्तर दिलं नाही असं समजायचं. आणि ‘ग्रँटेड’ असेल तरी तिथंच थांबू नका. ‘ई-रजिस्टर’ उघडून नूतनीकरणाची फी भरलेली आहे का बघा. तिसऱ्या वर्षापासून ती दरवर्षी लागते, आणि बुडवली तर पेटंट संपतं. जे पेटंट नाही त्याला भारतात पेटंट म्हणून विकणं हा पेटंट कायद्याच्या कलम १२० खाली दंडाचा विषय आहे, आणि नव्या दुरुस्तीनंतर तो दहा लाखांपर्यंत जातो. हे मी आता प्रतिनिधींना चहाबरोबरच सांगते.

अर्ज मेला म्हणून मी मात्र तो मिटला नाही. उलट आता तो निवांत वाचायचा. कागदपत्रांत ‘कम्प्लीट स्पेसिफिकेशन’, म्हणजे कृतीचं पूर्ण वर्णन असतं, ते उतरवून घ्या. भाषा इंग्रजी किंवा हिंदी. मी सुरुवातीला मोबाइलच्या भाषांतरावर टाकायचे. इंग्रजीत ‘सेड’ म्हणजे ‘वर सांगितलेलं’, पण मोबाइलनं त्याचं ‘म्हणाले’ केलं. अख्ख्या पानभर ‘म्हणाले तेल’, ‘म्हणाले द्राक्ष’. मामा हसून बेजार. तेव्हा भाषांतर करा, पण दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ती वाक्यं, मूळ भाषेत एकदा बोट ठेवून वाचा.

वाचायचं उलट्या क्रमानं. आधी शेवटची पानं, जिथं दावे असतात. वर्णनात माणूस वाटेल तेवढा गावगप्पा मारू शकतो, हक्क फक्त दाव्यांपुरता. दावा क्रमांक १ घ्या आणि त्याचे तुकडे पाडा. या अर्जात तीन तुकडे होते: इथाइल ओलिएट, पोटॅशियम कार्बोनेट आणि समुद्री शेवाळाचा अर्क, प्रत्येकाचं प्रमाण अमुक ते अमुक टक्के. दाव्यातले सगळे तुकडे एकत्र आले तरच तो लागू होतो. एक जरी गाळला तरी साधारणपणे तुम्ही त्याच्या बाहेर. शब्दही बघा. ‘कम्प्रायझिंग’ असेल तर ‘हे तर आहेच, वर आणखी काही असलं तरी चालेल’, ‘कन्सिस्टिंग ऑफ’ असेल तर ‘एवढंच, जास्त काही नाही’. पहिला शब्द मोठं कुंपण घालतो, दुसरा लहान.

यातले पहिले दोन तुकडे कुणाच्याही मालकीचे नाहीत. लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट, सामू (पीएच) ११ च्या आसपास, घड दोन ते चार मिनिटं बुडवायचे, हे आमच्याकडं शेडवरचं पोरगंही सांगेल. त्याआधी भूमध्य समुद्राकाठचे लोक लाकडाची राख आणि ऑलिव्ह तेल घातलेल्या पाण्यात द्राक्षं बुडवत आले आहेत. काम तेच: मण्यावरच्या मेणाची घडी विस्कटायची, म्हणजे आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. अमेरिकेत २०१२ साली सुरू झालेल्या अपील या कंपनीची पेटंटं मी म्हणूनच आवडीनं वाचली. ते वनस्पतींच्या स्निग्धांशापासून मोनो- आणि डायग्लिसराइडचा पातळ थर ॲव्होकॅडोसारख्या फळांवर चढवतात, पाणी आत राहावं म्हणून. आम्ही मेण मोडतो, ते वरून थर चढवतात.

दाव्यांनंतर ‘उदाहरणं’. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण तापमान, वेळ, टक्केवारी, सगळं इथं सापडतं. तक्ता दिसला की पहिला प्रश्न: तुलना कशाशी केली आहे? या अर्जात दोन किलो द्राक्षं ५० अंशाच्या ओव्हनमध्ये वाळवली होती, आणि शेजारी ठेवली होती न बुडवलेली द्राक्षं. न बुडवलेली! आमच्यात कोण बिन-डिपिंगचा बेदाणा करतं? साध्या डिपिंगच्या शेजारी ठेवलं असतं तर शेवाळाचा उपयोग किती ते कळलं असतं. ‘चार दिवस आधी’ हे त्या तक्त्यातूनच उचललेलं होतं. दुसरा प्रश्न: किती मालावर, कुठं? आमची शेड उघडी असते, शेडनेटखाली, वाऱ्यावर. ओव्हनमधला आकडा तिथं तसाच उतरत नाही.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवा. भारतीय कायद्याचं कलम ३(ई) म्हणतं की नुसतं मिश्रण, ज्यात प्रत्येक घटक आपापलं काम करतोय, त्याला पेटंट नाही. एकत्र आल्यावर बेरजेपेक्षा जास्त परिणाम दाखवावा लागतो. म्हणून नाचणी, मोरिंगा, गूळ एकत्र करून ‘पेटंटेड पोषण लाडू’ म्हणणाऱ्याच्या कागदात तो जास्तीचा परिणाम दाखवणारा तक्ता आहे का, शोधा. ३(पी) प्रमाणे पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही, आणि ३(एच) प्रमाणे शेतीच्या पद्धतीला नाही. ‘आमच्या पद्धतीनं छाटणी करा, पेटंटेड आहे’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

हळदीचं उदाहरण सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण ते नेमकं कसं घडलं ते सांगते, कारण आपल्यालाही तेच करता येतं. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेनं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं, क्रमांक ५४०१५०४. सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, जिचे महासंचालक तेव्हा डॉ. माशेलकर होते, त्याला आव्हान दिलं. भाषणं करून ते पडलं नाही. जुने छापील पुरावे पुढे ठेवले, त्यात भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. मुद्दा एवढाच की ‘आमची आजी हे करायची’ यापेक्षा तारीख असलेला कागद जड पडतो. भारतात अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि मंजुरीच्या आधी कलम २५(१) खाली कुणीही विरोध नोंदवू शकतं. मंजुरीनंतर ज्याचा त्यात हितसंबंध आहे त्याला एक वर्ष मिळतं. तुमच्याकडं कृषी विद्यापीठाची जुनी पुस्तिका असेल तर रद्दीत घालू नका.

आमच्या भागातला आणखी एक घोळ: ‘पेटंट व्हरायटी’. द्राक्षाच्या नव्या परदेशी वाणांना सगळे हेच म्हणतात, मीही म्हणते. पण भारतात रोपाला, बियाण्याला, वाणाला पेटंट मिळतच नाही, कलम ३(जे). त्यांचं संरक्षण २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली होतं, वेली आणि झाडांना १८ वर्षं, इतर पिकांना १५. त्यातलं कलम ३९ शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं ठेवायचा, पेरायचा, देवघेव करायचा, विकायचाही हक्क देतं. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. २०१९ मध्ये गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर पेप्सिकोनं भरलेले खटले याच कायद्याखालचे होते, पेटंटचे नव्हते. ओरड झाल्यावर ते मागे घेतले गेले. मात्र तुम्ही लावणीच्या काड्या कुणाला देणार नाही असा करार करून वाण घेतला असेल तर कायद्याच्या आधी तो करार वाचा, आणि सही करण्यापूर्वी वाचा.

आता फुकटचा माल. पेटंट ज्या देशात मिळालं त्याच देशात चालतं. अमेरिकेत आहे, भारतात अर्जच नाही, तर इथं ते करायला पेटंटची आडकाठी नाही. तोच माल तिकडं निर्यात करायचा असेल तर मात्र अडचण. मुदत संपलेली पेटंटं तर सगळ्यांचीच. फळं पिकवणाऱ्या इथिलीनला अडवणारं १-एमसीपी घ्या: नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या सिस्लर आणि ब्लँकेनशिप यांना त्याचं पेटंट १९९६ मध्ये मिळालं, आणि ते केव्हाच संपलं. पण पेटंट संपलं म्हणजे परवाना मिळाला असं नाही. खाण्यात जाणाऱ्या गोष्टीला अन्न सुरक्षेचे नियम, फवाऱ्याच्या औषधाला नोंदणी आणि लेबल क्लेम (कुठल्या पिकावर कशासाठी चालतं ते लेबलवर मंजूर असणं), खताला खत नियंत्रण आदेश. हे तिन्ही पेटंटपेक्षा वेगळे आहेत, आणि बाटली घेताना आधी हेच बघायचं.

सगळं वाचून झाल्यावरही भावजींचा जीव बाटलीत अडकलेला होता, म्हणून घरचाच प्रयोग केला. एकाच बागेतली, एकाच दिवशी तोडलेली दहा-दहा किलो द्राक्षं, एक वाटणी साध्या डिपिंगची, एक निळ्या बाटलीची. रोज सकाळी वजन. चार किलोला एक किलो बेदाणा हा आमचा हिशोब, म्हणजे अडीच किलोवर आलं की झालं. चौदाव्या दिवशी दोन्ही अडीचवर. निळ्या बाटलीचा रंग मात्र खरंच जरा हिरवट, उजळ आला. पण भावजींनी ती वाटणी मला न विचारता वरच्या कप्प्यावर ठेवली होती, आणि त्या कोपऱ्यावर जाळी दुहेरी आहे. यंदा उरलेल्या अर्ध्या बाटलीवर कप्पे अदलून-बदलून पुन्हा करणार आहे.